कपाटातल्या साड्या कुणाच्या?

गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रात येणाऱ्या एका ताईंचं सामान आणायला मी त्यांच्याबरोबर त्यांच्या सासरी गेले होते. न्यायालयाचा आदेश हातात होता, संरक्षण अधिकारी बरोबर होत्या, एक महिला पोलीसही. जाण्याआधी केंद्रात बसून आम्ही यादी केली. दहावीचं सर्टिफिकेट, मुलाचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक, कानातलं, आईनं दिलेली दोन पातेली, शिलाई मशीन. "आणि कपडे?" मी विचारलं. "कपाटभर आहेत की," ताई म्हणाल्या. "तीस-पस्तीस साड्या असतील." मी लिहायला लागले तर म्हणाल्या, "सगळ्या कशाला लिहिता? चारच हव्यात मला."

चार म्हणजे कोणत्या? रोजच्या दोन सुती. मसाल्याच्या पाकिटांचं काम करून पहिल्या पैशातून घेतलेली एक तपकिरी. आणि आईचं एक जुनं पातळ. बाकीच्या? "त्या त्यांच्याच. मानाच्या, आहेराच्या. नेसायला सांगितलं की नेसायची आणि परत घडी करून ठेवायची."

या ताई घरातून बाहेर पडल्या तेव्हा अंगावर एक साडी होती. दुसरी त्यांना माहेरच्या शेजारणीनं दिली. आठ महिने त्यांनी तीन साड्यांवर काढले, आणि तिकडं कपाटात तीस साड्या डांबरगोळ्यांच्या वासात पडून होत्या. तरीही त्या साड्या आपल्या आहेत असं त्यांना वाटत नव्हतं.

त्या रात्री मी माझं स्वतःचं कपाट उघडलं. मी शिकलेली, कमावती, वर स्त्रीहक्कांवर शिबिरं घेणारी. मोजदाद केली. सत्तावीस साड्या, सोळा कुर्ते आणि पंजाबी ड्रेस, एकूण त्रेचाळीस. त्यांतले मी स्वतः दुकानात उभी राहून, मला हवे होते म्हणून, माझ्या पैशांनी घेतलेले अकरा. आणि महिनाभर लक्ष ठेवलं तर अंगावर आलटूनपालटून येणारे कपडेही जवळपास तेवढेच निघाले. उरलेले बत्तीस कुणीतरी, कुठल्यातरी निमित्तानं, माझ्याऐवजी ठरवलेले. त्यांतल्या निदान आठ साड्या तर अशा, की ज्या नेसण्यासाठी घेतल्याच जात नाहीत. तुम्हालाही त्या माहीत असतील. लग्नात देण्याघेण्याच्या म्हणून दुकानात वेगळा गठ्ठा असतो. एकीनं दिली की दुसरीनं कुंकू लावून तिसरीला द्यायची. साडी घरोघर फिरते, निऱ्या कधीच पडत नाहीत.

कपड्यांवर लिहायचं म्हटलं की आपल्या चळवळीत थोडं अवघडल्यासारखं होतं. हुंडाबळी, बलात्कार, पोटगी, जमिनीचा हक्क हे सगळं समोर असताना साड्या काय घेऊन बसलात? मलाही तसं वाटत असे. पण बाईच्या हातून होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग कपड्यांवर जातो, आणि त्यातला स्वतःच्या मर्जीनं होणारा भाग फार थोडा असतो. हा पैशाचा प्रश्न आहे. पैशाच्या प्रश्नाला आपण कधीपासून क्षुल्लक म्हणायला लागलो?

शहाणपणानं कपडे कसे घ्यावेत हे सांगणारे लेख बायकांच्या रंगीत मासिकांत नेहमी येतात. थोडेच पण चांगले घ्या, एकमेकांशी जुळतील असे घ्या, काळा-पांढरा-करडा असे बिनधोक रंग घ्या, आणि हंगामाप्रमाणं एखाद-दुसऱ्या नव्या कपड्याची भर घाला. सल्ला चुकीचा नाही. मी तो बराचसा मानते, आणि कसा मानते ते पुढं सांगणार आहे. पण तो लिहिणाऱ्यांना आपल्याकडच्या बाईचं कपाट कसं भरतं हे माहीत नसावं. आमच्याकडे बिनधोक रंग कुठला? पांढरा नेसला तर म्हातारी आजी विचारते, काय गं, कुंकू आहे ना जागेवर? काळा फक्त संक्रांतीला. हिरवा डोहाळजेवणाला आणि चुड्याला. नवरा वारला की कालपर्यंतचे सगळे लाल-हिरवे एका दिवसात कपाटाबाहेर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा चर्चा कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र आणि जोडव्यांची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण कपाटातून काढलेल्या त्या लाल साडीचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

आणि हंगामी खरेदीबद्दल बोलायचं तर नवरात्राइतकं चांगलं उदाहरण नाही. नऊ दिवसांचे नऊ रंग ही काही आपल्या आज्यांची रीत नव्हती. वर्तमानपत्रांनी ती या शतकाच्या सुरुवातीला घरोघर पोचवली, रंग छापून द्यायला लागले, आणि बघता बघता कचेऱ्यांत, बँकांत, लोकलच्या डब्यांत सगळ्या बायका एका रंगात दिसायला लागल्या. त्यातली मजा मी नाकारत नाही. वर्षभर रांधणाऱ्या, लोकलला लटकणाऱ्या बायका मिळून हसतात, फोटो काढतात, ते छानच आहे. पण गेल्या नवरात्रात मी एका इस्पितळात गेले होते. परिचारिकांचा घोळका जांभळ्या रंगात फोटोला उभा होता आणि फरशी पुसणाऱ्या मावशी बादली घेऊन बाजूला सरकल्या. त्यांच्याकडे जांभळी नव्हती. "उद्याचा रंग कुठला आहे हो ताई?" त्यांनी मला हळूच विचारलं. करडा होता. करडी साडी कुणाकडे असते? दुसऱ्या दिवशीसाठी त्यांनी वस्तीतल्या साडीवालीकडून हप्त्यावर घेतली, दिवाळीपर्यंत फेडायची म्हणून. ती साडीवालीही नवऱ्यानं टाकलेली, साड्या विकूनच दोन मुलं शिकवणारी. कुणाला बोल लावायचा?

आपल्याकडे आहेरात साडी येते, खण येतो, ब्लाऊजपीस येतो. परकर कधीच येत नाही. आतले कपडे तर नावच नको. संसारात पाच-सहा वर्षं झाली की बाईच्या वरच्या साडीला जर असते आणि आत विटलेलं, उसवलेलं, सेफ्टी पिन लावलेलं. ते दोरीवर वाळत घालतानासुद्धा वरून साडी पसरायची, म्हणजे ऊन लागायचं नाही, ओलसरच अंगावर चढवायचं, आणि मग खाज, चट्टे, दवाखाना. आमच्या आरोग्य शिबिरांत ही तक्रार इतक्या जणींची असते की डॉक्टरबाई औषधाआधी दोरीची जागा विचारतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा आम्ही मदतीला गेलो होतो. लोकांनी मनापासून कपडे पाठवले होते. ढीगच्या ढीग. त्यात जरीचे शालू होते, लग्नातले लेहंगे होते. परकर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शाळेच्या वर्गात मुक्काम केलेल्या बायकांना पहिल्या दिवशी हवे होते परकर, आतले कपडे, पॅड आणि दांडी. होय, दांडी, बाजूला आडोसा करून ते वाळत घालायला. आमच्या ओळखीच्या आधारगृहातही हीच गत आहे. दान म्हणून साड्या येतात, त्याही जड, कपाटात जागा अडवणाऱ्या. म्हणून माझ्या हिशोबात कपड्यांच्या खरेदीची सुरुवात आतून होते. वर्षातून एकदा, पगार झाल्यावर पहिल्यांदा, परकर आणि आतले कपडे. उरलेल्या पैशांत बाकीचं.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना फील्डवर्कला वस्तीत जाताना साधे कपडे घालायचे असं आम्हाला सांगितलं जायचं. आम्ही ते इतकं मनावर घेतलं की आमचा एक गणवेशच झाला. हातमागाचा जाडाभरडा कुर्ता, खांद्यावर झोळी, पायात कोल्हापुरी. दुसऱ्या वर्षी वस्तीतल्या एका मावशींनी मला विचारलं, "पोरी, तुला घरी कुणी कपडे घेत नाही का? का आमच्याकडे यायचं म्हणून असले घालतेस? लग्नाला जाताना तर चांगलं घालत असशील." मी काय उत्तर देणार? त्यांच्याकडे जाणं मी लग्नाइतकं महत्त्वाचं मानत नव्हते, एवढंच त्यातून त्यांना दिसलं होतं. तेव्हापासून वस्तीत जाताना मी इस्त्रीचे कपडे घालते.

हातमाग आणि सुती कापडाचा आपला आग्रह मला अजूनही पटतो. विणकर जगले पाहिजेत. इलकलचं जुनं लुगडं वापरून मऊ होतं, मग त्याची वाकळ होते, त्याच्या चिंध्याही कामाला येतात. अशी साडी जन्मभर काम देते. पण त्या आग्रहापायी नायलॉन-पॉलिएस्टर नेसणाऱ्या बाईकडे आपण ज्या नजरेनं बघतो ती नजर मला पटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, दिवसाला चार हंडे पाण्यावर, रात्री धुऊन सकाळी नेसायची साडी कुठली असणार? सुतीला खळ लागते, इस्त्री लागते, वाळायला ऊन आणि जागा लागते. कोकणातल्या पावसात सुती साडी तीन दिवस दमट राहते. गुळगुळीत, झटकली की वाळणारी साडी त्या बाईनं अज्ञानातून निवडलेली नसते, हिशोब करून निवडलेली असते. तिच्या परिस्थितीतला टिकाऊ, रोजचा कपडा तोच. मीसुद्धा आता जूनच्या आधी एक असा ड्रेस घेते, पावसाळ्यापुरता.

जास्तीची एक साडी म्हणजे काय असतं, हे आपल्या इतिहासात फार ठळक आहे. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण-चिखल फेकत, आणि त्या शाळेत बदलायला दुसरी साडी बरोबर नेत, ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक आहे. आपण ती धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो, ती आहेच. पण त्या काळी घरात दुसरी साडी असणं, ती रोज धुणं, वाळवणं, घेऊन जाणं यालाही किती कष्ट पडले असतील! १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले तेव्हा लुगडं नेसण्याच्या पद्धतीबद्दल बोलले. गुडघ्यापर्यंतच्या नेसण्यावरून जात ओळखू येते, ते सोडा, आणि जाडजूड दागिनेही सोडा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी नेसण्याची तऱ्हा बदललीही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात त्या चळवळीतल्या बायका भेटतात. कपडा हा क्षुल्लक विषय आहे असं त्यांना कुणी सांगून बघावं.

सरकारलाही तो क्षुल्लक वाटत नाही. मार्च २०२४ मध्ये राज्यातल्या शिक्षकांसाठी पोशाखाचा निर्णय निघाला. जीन्स आणि टी-शर्ट नको, शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला एक साडी देण्याची योजनाही त्याच सुमारास अमलात आली, रेशन दुकानातून. यंत्रमागाला काम मिळावं हा तिचा एक हेतू, तो मी समजू शकते. पण एप्रिल २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या आदिवासी बायकांनी त्या साड्या गोळा करून तहसील कचेरीत परत नेऊन दिल्या. आम्हाला काम द्या, शाळा-दवाखाने द्या, साडी आमची आम्ही घेऊ, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. ते वाचून मला आमच्या ताईंच्या कपाटातल्या तीस साड्या आठवल्या. देणारा कोण, प्रसंग कोणता, रंग कुणी ठरवला, हे सगळं वेगळं. बाईनं हात पुढं करायचा एवढंच दोन्हीकडे सारखं.

आता मी स्वतः काय करते ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडो. ब्लाऊज तीनच, काळा, मोतिया आणि गडद लाल. नऊ साड्यांवर तेवढे पुरतात. साडीबरोबर येणारा ब्लाऊजपीस शिवत नाही, कारण शिलाई अनेकदा साडीच्या किमतीच्या जवळ जाते आणि तो ब्लाऊज दुसऱ्या कुठल्या साडीवर जात नाही. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर भिजवून ठेवते, आटायचं ते आधीच आटतं. शिंपीकाकांना सांगते, दोन्ही बाजूंना आत माया ठेवा. बाळंतपणानंतर, चाळिशीकडे झुकताना, थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्यावर अंग बदलतं, आणि अंगाला दोष देण्यापेक्षा शिवण उसवलेली बरी. कुर्त्याला उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा हवाच, मनगटापर्यंत हात जाईल इतका खोल. दुकानातल्या तयार कुर्त्याला एकतर खिसा नसतो, असला तर त्यात रुमालही मावत नाही. नऊवारीतल्या आज्यांना कनवटी होती, त्यात त्यांचे पैसे त्यांच्या अंगाशी असायचे. पाचवारी आली आणि बाईचा पैसा पर्समध्ये गेला, पर्स खुंटीवर गेली आणि खुंटीवरची पर्स कुणीही उघडतं. आमच्या केंद्रात आलेल्या कितीतरी जणींचा पगार असा खुंटीवरून गेला आहे.

नवीन खरेदी वर्षातून दोनदा. जुना कुठला कपडा खरोखर विरला ते बघून, त्याच्या जागी. सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं एकही वस्त्र माझ्या त्या अकरांत नव्हतं, हेही मोजणीत निघालं. आणि घरात सांगून टाकलं, दिवाळीला मला साडी नको, साडीचे पैसे द्या. सासूबाई पंधरा दिवस नाराज होत्या. पुढच्या वर्षी त्यांनीच त्यांच्या भावाला सांगितलं, मलाही पैसेच दे.

कायद्याचं एक मात्र सगळ्याजणींनी लक्षात ठेवावं. लग्नात बाईला मिळालेले कपडे, माहेरचे असोत की सासरचे, ते तिचं स्त्रीधन आहे. ते नवऱ्याच्या कपाटात आहेत म्हणून त्याचे होत नाहीत, तो फक्त सांभाळणारा. सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच हे स्पष्ट केलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात स्त्रीधन परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी काढू शकतात. आणि त्या कायद्याच्या २००६ च्या नियमांना जोडलेले छापील नमुने एकदा जरूर वाचा. आर्थिक हिंसेच्या यादीत तिथं कपडे न देणं आहे, आणि कपडे वापरू न देणं हेही आहे. वाचून दाखवलं की बायका चमकून बघतात. हे हिंसेत येतं? येतं.

म्हणून त्या दिवशी मी ताईंचं ऐकलं नाही. यादीत 'सर्व कपडे' असं लिहिलं. सासूनं एकेक साडी पलंगावर आपटत मोजली, चौतीस भरल्या. दोन चादरींत गाठोडी बांधली आणि रिक्षात घातली. कायद्याचं काम चोख झालं म्हणून मी खूश. ताई गप्पच होत्या. त्यांच्या भाड्याच्या खोलीत ती गाठोडी मावेनात, आठवडाभर त्या आणि मुलगा गाठोड्यांच्या कडेला अंग चोरून झोपले. तेव्हा जरा ओशाळले मी. आपलं बरोबर असण्याच्या नादात समोरच्या बाईची जागा मोजायला विसरतो आपण.

महिन्याभरानं केंद्रात आल्या त्या तपकिरी साडीत. दोन जरीच्या साड्या विकून खोलीचं भाडं दिलं होतं. काही गुळगुळीत साड्यांच्या बाजारपिशव्या शिवून वस्तीत विकायला सुरुवात केली होती, कपाटातल्या कपड्यांपेक्षा मशीन आणलं ते बरं झालं म्हणाल्या. आणि मानाच्या एका हिरव्या साडीचा स्वतःसाठी पंजाबी ड्रेस बेतला होता. सासरी साडीशिवाय काही चालत नसे, त्यामुळे हा पहिलाच. कापड पिशवीतून काढून टेबलावर पसरलं, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या कुर्त्याचा खिसा किती खोल आहे? जरा हात घालून बघू का?" टेप नव्हती. त्यांनी माझ्या खिशात हात घालून बोटानं मनगटावर खूण केली आणि म्हणाल्या, "मी अजून दोन बोटं वाढवते. फोन राहायला हवा."